वेरोनाचे विजेतेपद आणि पंचांची सोडत : सेरी आ, १९८४-८५

१/ १२ मे १९८५. बेर्गामो येथे अटलांटाशी १-१ अशी बरोबरी साधून हेलास वेरोना हा संघ इटलीचा विजेता ठरला. ‘सेरी आ’ या तेथील सर्वोच्च फुटबॉल साखळीतील हे त्याचे पहिले आणि आजवरचे एकमेव विजेतेपद. या यशाचे श्रेय मात्र अनेकदा संघाला नव्हे, तर एका सोडतीला दिले जाते. ते कितपत योग्य?

२/ हा विजय किती अनपेक्षित होता, हे नकाशा पाहिला की कळते. १९२९ पासून सेरी आ जिंकणारे इतर सर्व संघ आपापल्या प्रांताच्या राजधानीतले आहेत : तुरिन, मिलान, रोम, नेपल्स, बोलोन्या, फ्लोरेन्स, काल्यारी, जेनोआ. अपवाद एकट्या वेरोनाचा. त्याच्या व्हेनेतो प्रांताची राजधानी व्हेनिस आहे.

३/ काळही इटालियन फुटबॉलच्या वैभवाचा होता. युव्हेंटसकडे प्लातिनी, उदिनेसेकडे झिको, फिओरेन्तिनाकडे सॉक्रेटिस, इंटरकडे रुमेनिगे. १९८४ च्या उन्हाळ्यात मॅराडोना नापोलीत दाखल झाला. प्रत्येक संघाला दोनच परदेशी खेळाडूंची मुभा होती. वेरोनाने पश्चिम जर्मनीचा ब्रीगल आणि डेन्मार्कचा एल्कियेर यांना आणले.

४/ आता सोडतीविषयी. १९८० मध्ये सट्टेबाजीच्या प्रकरणात खेळाडूंना अटक झाली. मिलान आणि लाझिओ या संघांची दुसऱ्या श्रेणीत रवानगी झाली. स्पर्धेच्या सचोटीवरील विश्वास डळमळला. कोणत्या सामन्याला कोणता पंच, हे एरवी नेमणूक अधिकारी ठरवीत. १९८४-८५ मध्ये ही निवड सोडतीने झाली. पुढच्याच हंगामात जुनी पद्धत परतली.

५/ यातून एक सोपा तर्क जन्मला : बड्या संघांना सोयीचे पंच मिळेनासे झाले, म्हणून छोटा संघ जिंकला. २००६ मध्ये पंचांच्या नेमणुकीवर दबाव आणल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि युव्हेंटसचे २००५ चे विजेतेपद काढून घेण्यात आले. त्यानंतर १९८५ कडे पाहणाऱ्यांना सोडतीतच सारे उत्तर दिसावे, हे स्वाभाविक होते. परंतु नंतरच्या घटनेच्या उजेडात आधीची घटना वाचणे हा जुना मोह आहे.

६/ कारण वेरोना एका वर्षात उगवला नव्हता. १९८२ मध्ये तो दुसऱ्या श्रेणीतून वर आला. पुढच्या हंगामात चौथा, त्यानंतर सहावा. १९८३ आणि १९८४ अशी सलग दोन वर्षे त्याने कोप्पा इतालियाची अंतिम फेरी गाठली. ही चढण सोडतीपूर्वीची आहे.

७/ ती घडवली प्रशिक्षक ओस्वाल्दो बान्योली यांनी. मिलानच्या बोव्हीसा या कामगार वस्तीतला हा मितभाषी माणूस. फान्ना आणि गाल्देरिसी युव्हेंटसमध्ये स्थिरावले नव्हते; त्रिचेल्ला इंटरमधून आलेला. मोठ्या संघांना नको झालेल्या अशा खेळाडूंना बान्योलींनी निश्चित जबाबदाऱ्या दिल्या.

८/ १६ सप्टेंबर १९८४ : पहिलाच सामना नापोलीशी, मॅराडोनाचे पदार्पण. ब्रीगलने त्याला जखडून ठेवले, शिवाय स्वतः गोलही केला. वेरोना ३-१. १४ ऑक्टोबरला युव्हेंटसवर २-० अशी मात. त्यातला दुसरा गोल एल्कियेरने बूट निसटून पडल्यावर अनवाणी पायाने केला. या दोन्ही विजयांचे श्रेय पंचांना देता येईल काय?

९/ ३० सामने, १५ विजय, १३ बरोबरी, केवळ २ पराभव. ४२ गोल केले, १९ स्वीकारले. विजयाला दोन गुण मिळत, त्या काळी ४३ गुण. दुसऱ्या क्रमांकाच्या तोरिनोपेक्षा चार अधिक. एखाद्या निर्णयाने एखादा गुण इकडचा तिकडे होतो. संपूर्ण हंगामाची ही घडी त्याने बसत नाही.

१०/ आणखी एक कसोटी. सोडत रद्द झाल्यावर छोट्या किंवा नव्या संघांची दारे बंद झाली का? नापोलीने आपले पहिले विजेतेपद १९८७ मध्ये जिंकले, साम्पदोरियाने १९९१ मध्ये. विशेष म्हणजे १९८७ च्या नापोलीचा गोलरक्षक होता क्लाउदिओ गारेल्ला, वेरोनाच्या विजेत्या संघातलाच.

११/ मग वेरोना का खचला? गारेल्लाच्या वाटचालीतच उत्तर आहे. १९८५ च्या उन्हाळ्यात तो नापोलीला गेला. फान्ना आणि मारान्गोन इंटरला. पुढच्या वर्षी ब्रीगल साम्पदोरियाला, गाल्देरिसी मिलानला. गतविजेता संघ १९८५-८६ मध्ये दहावा आला आणि १९९० मध्ये दुसऱ्या श्रेणीत घसरला. पंचांची पद्धत बदलण्यापेक्षा संघाची अशी पांगापांग अधिक निर्णायक ठरली.

१२/ सोडतीचा परिणाम शून्य होता, असेही म्हणता येणार नाही. एका हंगामाचा प्रयोग काहीच सिद्ध करत नाही, काहीच खोडूनही काढत नाही. विसंगती एवढीच की, निकालावर संशय उरू नये म्हणून जी पद्धत आणली, तिच्याच नावाने पुढे विजेत्याच्या कर्तृत्वावर संशय घेतला गेला. मोठे जिंकले की ‘ताकद’ आणि लहान जिंकले की ‘योगायोग’, ही वाटणी इतिहास वाचताना दिसली, तर तेथे थांबून पुरावा मागावा.