सेप्सिस : पहिल्या सहा तासांचा इतिहास

जंतुसंसर्गाने अवघे शरीर कोलमडते, हे वैद्यकास फार पूर्वीपासून ज्ञात होते. त्याकडे हृदयविकाराच्या झटक्याइतक्या तातडीने पाहण्याची दृष्टी मात्र उशिरा आली. या संदर्भात डेट्रॉइट येथील इमॅन्युएल रिव्हर्स व सहकाऱ्यांचा २००१ मधील अभ्यास महत्त्वाचा ठरतो. अतिदक्षता विभागातील खाटेची वाट न पाहता आकस्मिक विभागातच पहिले सहा तास काटेकोर उपचार केलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण ३०.५ टक्के, तर प्रचलित उपचारांच्या गटात ४६.५ टक्के आढळले. पुढे २०१४-१५ मधील तीन मोठ्या चाचण्यांत या पद्धतीचा वेगळा लाभ दिसला नाही. यावरून रिव्हर्स यांचे कार्य निष्फळ मानणे घाईचे होईल. कारण त्या चाचण्यांतील बहुतेक रुग्णांना त्वरित निदान, प्रतिजैविके व सलाइन आधीच मिळालेले होते. ‘प्रचलित उपचार’ या शब्दांचा अर्थच दरम्यान बदलला होता.