मूर्खाला उत्तर द्यावे की देऊ नये?

बायबलच्या जुन्या करारात 'नीतिसूत्रे' नावाचा ग्रंथ आहे. त्याच्या सव्विसाव्या अध्यायातले चौथे आणि पाचवे वचन एकमेकांना खेटून उभे आहे. चौथे सांगते की मूर्खाला त्याच्या मूर्खपणाला साजेसे उत्तर देऊ नको, नाही तर तूही त्याच्याच पंगतीत बसशील. पाचवे सांगते की त्याला तसे उत्तर जरूर दे, नाही तर तो स्वतःला शहाणा समजत राहील. दोहोंमध्ये 'पण' नाही, 'तथापि' नाही, कसलाही खुलासा नाही.

नजरचुकीने असे झाले असेल, ही पहिली शंका. पण याच ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायाच्या आरंभी एक नोंद आहे: इथून पुढची वचने यहूदाचा राजा हिज्कीया याच्या माणसांनी उतरवून घेतली. म्हणजे काळ इ.स.पू. आठव्या शतकाच्या अखेरीचा. ज्या हिज्कीयाने यरुशलेमात पाणी आणले म्हणून बायबल सांगते, आणि ज्याच्या नावे तिथला खडकातला बोगदा आजही दाखवतात, तोच हा राजा. त्याच्या पदरच्या लेखनिकांना दोन ओळींतला विरोध दिसला नसेल, असे मानणे म्हणजे आपणच जरा शहाणे ठरण्याचा प्रकार आहे. त्यांनी ती वचने जाणूनबुजून शेजारी ठेवली असावीत, असे मला वाटते.

का ठेवली, हे समजून घ्यायचे तर आधी 'मूर्ख' कोण ते पाहावे लागते. आपल्या भाषांतरांत सरसकट 'मूर्ख' किंवा 'मूढ' येते, पण मूळ हिब्रूत त्याच्या जाती आहेत. 'पेती' म्हणजे भोळा, कोणीही सांगावे आणि त्याने विश्वास ठेवावा असा. तो अजून सुधारण्यासारखा आहे. 'केसील' म्हणजे जाड बुद्धीचा आणि त्यातच समाधान मानणारा. 'एव्हील' हा भांडखोर मूर्ख. भांडणापासून दूर राहण्यात माणसाची प्रतिष्ठा असते, पण एव्हील त्यात उडी घेतल्यावाचून राहत नाही, असे विसाव्या अध्यायात म्हटले आहे. शेवटचा 'लेत्स', म्हणजे टवाळ, सगळे कळून खिल्ली उडवणारा. मराठी वाचकाला इथे दासबोधाच्या दुसऱ्या दशकातील मूर्खलक्षणे आणि त्याच दशकाच्या अखेरीचा पढतमूर्ख आठवेल. आठवावाच, मात्र तुलना फार ताणू नये. समर्थ लक्षणांची यादी देतात, हिब्रू ज्ञानी एका ओळीत एक चित्र काढून पुढे जातात.

चित्रे मात्र झकास आहेत. भांडणाची सुरुवात म्हणजे बांध फोडून पाण्याला दिलेली वाट. दुसऱ्याच्या तंट्यात पडणारा म्हणजे रस्त्यावरच्या कुत्र्याचे कान धरणारा. धरवतही नाहीत, सोडवतही नाहीत. मूर्खाला धान्याबरोबर उखळात घालून मुसळाने कांडले तरी त्याचा मूर्खपणा निघत नाही. भांडकुदळ बायकोबरोबर घरात राहण्यापेक्षा धाब्याच्या कोपऱ्यात राहणे बरे, हे वचन तर दोनदा आले आहे. बाप मुलाला सांगतो अशा थाटाचा हा ग्रंथ असल्यामुळे भांडकुदळ नवऱ्याच्या घरात बाईने कुठल्या कोपऱ्यात जावे, ते कोणी लिहून ठेवलेले नाही. एवढे खरे की आगीत कोळसे घालणारा भांडखोर पुरुषही सव्विसाव्या अध्यायात आहे.

भांडणासाठीचा 'मादोन' हा हिब्रू शब्द ज्या धातूपासून आला, त्याच धातूपासून न्याय या अर्थाचा 'दीन' आणि न्यायाधीश या अर्थाचा 'दय्यान' हे शब्द आले. भांडण आणि निवाडा एकाच घरातले. निवाडा होई गावच्या वेशीत. उत्तर इस्राएलमध्ये तेल दान येथील उत्खननात वेशीजवळ दगडी बाक सापडले आहेत. वडीलधारे अशाच जागी बसून तंटे ऐकत. एव्हीलला वेशीत तोंड उघडता येत नाही, असे एक वचन आहे. जिथे बोलायला हवे तिथे गप्प आणि इतरत्र सदैव तोंड चालू, ही त्याची खूण.

भांडखोरांविषयीचे यातले काही शहाणपण यहूदाबाहेरून आलेले आहे, हे शंभर वर्षांपूर्वी उघड झाले. ब्रिटिश म्युझियमचे वॉलिस बज यांनी १८८८मध्ये इजिप्तमधून एक पपायरस आणला आणि १९२३मध्ये तो छापला. त्यात आमेनेमोपे नावाच्या अधिकाऱ्याने मुलाला केलेला उपदेश आहे, तीस प्रकरणांचा. पुढच्याच वर्षी बर्लिनच्या आडोल्फ एर्मान यांनी दाखवून दिले की नीतिसूत्रांच्या बाविसाव्या आणि तेविसाव्या अध्यायांतील बरीच वचने या उपदेशाशी जुळतात. एका शब्दाचे कोडेही त्यातून सुटले. बाविसाव्या अध्यायात 'मी तुझ्यासाठी लिहिले नाही काय' या अर्थाच्या वाक्यात एक अडचणीचा शब्द होता. हस्तलिखितातल्या अक्षरांप्रमाणे तो 'शिलशोम', म्हणजे परवा. समासातल्या दुरुस्तीप्रमाणे 'शालिशीम', म्हणजे सरदार. परवा काय लिहिले आणि सरदार कुठून आले? १६११च्या इंग्रजी भाषांतरकारांनी 'उत्कृष्ट गोष्टी' असा अर्थ लावून वेळ मारून नेली. एर्मान म्हणाले, हा शब्द 'शेलोशीम' वाचा, म्हणजे तीस. तीस प्रकरणांचा नमुना समोर असल्यावर वाक्य सरळ झाले.

आमेनेमोपेच्या जगात माणसे दोन प्रकारची, 'तापलेला' आणि 'शांत'. तापलेल्याशी मैत्री करू नको, हा त्याचा सल्ला हिब्रू ग्रंथात जवळजवळ तसाच उतरला आहे. हा गृहस्थ शेतांच्या हद्दी ठरवणाऱ्या खात्यातला. त्यामुळे हद्दीचा दगड सरकवू नको, हे त्याने बजावून सांगावे यात नवल नाही, आणि तेही नीतिसूत्रांत आले आहे. बांध कोरण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. त्याचा आणखी एक सल्ला आहे: तापलेल्या माणसाला बोलण्याआधी एक रात्र जाऊ दे. माझ्या एका लेखावर एका नियतकालिकात बोचरी टीका आली, तेव्हा मी एका बैठकीत सात पाने उत्तर लिहिले होते. तेव्हा आमेनेमोपे वाचलेला नव्हता. पाकिटावर लावायला घरात तिकीट नव्हते, एवढ्यावरच निभावले.

ही एक रात्र बायबलमध्येही आहे, पण नीतिसूत्रांत नाही. ती पहिल्या शमुवेलच्या पंचविसाव्या अध्यायातील कथेत आहे. मावोन गावचा एक धनगर, तीन हजार मेंढ्या आणि एक हजार शेळ्यांचा मालक. नाव नाबाल, आणि हिब्रूत नाबाल म्हणजे मूर्खच. लोकर कातरण्याचा सण चालू असताना दावीदाने दहा तरुण पाठवून शिधा मागितला, कारण त्याच्या माणसांनी रानात नाबालाच्या कळपांची राखण केली होती. नाबाल म्हणाला, दावीद कोण? हल्ली धन्याला सोडून पळालेले नोकर पुष्कळ झाले आहेत. हे ऐकून दावीद चारशे माणसांसह तलवारी लावून निघाला. सकाळपर्यंत नाबालाच्या घरातला एकही पुरुष जिवंत ठेवणार नाही, अशी त्याची शपथ.

चार हजार जनावरे सांभाळणारा माणूस बुद्धीने मठ्ठ नसतो. त्याच्या मूर्खपणाचे निदान त्याच्याच गड्याने मालकिणीला सांगितले आहे: याच्याशी बोलण्याची सोय नाही. मला हे निदान साऱ्या नीतिसूत्रांइतके मोलाचे वाटते. आणि दावीद? चौथ्या वचनाने ज्याची भीती घातली तेच त्याचे होऊ लागले होते. एका उद्धट वाक्याला चारशे तलवारींचे उत्तर.

नाबालाची बायको अबीगईल हिने दोनशे भाकऱ्या, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच मेंढ्यांचे मांस, हुरडा, मनुका आणि अंजिराच्या ढेपा गाढवांवर लादल्या आणि नवऱ्याला न सांगता ती दावीदाला वाटेत गाठायला गेली. त्याला तिने बोलून परत फिरवले. घरी आली तर नाबाल मेजवानीत झिंगलेला. ती त्या रात्री त्याला एक अक्षर बोलली नाही. सकाळी नशा उतरल्यावर सगळे सांगितले. त्याचे काळीज दगडासारखे झाले आणि दहा दिवसांनी तो मेला. रात्री चौथे वचन, सकाळी पाचवे, असे मला ही कथा वाचताना वाटते. शास्त्री-पंडित याला शास्त्राधार म्हणणार नाहीत, हे ठाऊक आहे.

पुढच्या काळातल्या वाचकांना तो विरोध सोसवेना. ग्रीक भाषांतरकारांनी पाचव्या वचनाच्या आधी गुपचूप एक 'पण' घातला आणि दोन वचनांत दोन वेगळी शब्दयोगी अव्यये वापरून धार बोथट केली. ज्यू धर्मपंडितांनी तर हा ग्रंथच लपवून ठेवायचे, म्हणजे वाचनातून काढायचे, मनात आणले होते. बाबिलोनी तालमूदच्या 'शब्बात' प्रकरणात ही हकिकत आहे. उपदेशक या ग्रंथावरही हाच प्रसंग ओढवला होता. त्यात अर्थ सापडला, तेव्हा इथेही शोधू, असे म्हणून पंडित थांबले. तोडगा निघाला तो असा: धर्मशास्त्राचा प्रश्न असेल तर मूर्खाला उत्तर द्यावे, व्यवहारातले असेल तर देऊ नये.

तालमूद तेवढ्यावर न थांबता उदाहरणे देते. एक माणूस रब्बी यहूदा हानासी यांच्याकडे येऊन म्हणाला, तुमची बायको माझी आहे आणि तुमची मुलेही माझी. रब्बींनी वाद घातला नाही, एक प्याला द्राक्षारस घेणार का, एवढेच विचारले. तो प्याला, आणि फुटून मेला. मेला हा भाग प्रत्येकाने आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा.

दुसरे उदाहरण उत्तर देण्याचे. रब्बान गमलिएल शिकवत होते की येणाऱ्या युगात स्त्री रोज प्रसवेल. एका विद्यार्थ्याने शास्त्रवचनाचाच आधार घेऊन टवाळी केली की जगात नवे काही घडत नाही. गमलिएल म्हणाले, ये, या जगातलाच नमुना दाखवतो, आणि त्यांनी त्याला कोंबडी दाखवली. मग ते म्हणाले की झाडे रोज फळे देतील. विद्यार्थी पुन्हा हसला. त्यांनी त्याला कॅपरचे झुडूप दाखवले. तिसऱ्या वेळी ते म्हणाले की जमिनीतून तयार भाकऱ्या आणि रेशमी वस्त्रे उगवतील. विद्यार्थी तिसऱ्यांदा हसला, आणि गमलिएल त्याला घेऊन तिसऱ्यांदा बाहेर गेले. भाकऱ्यांसाठी अळंबी दाखवली, वस्त्रांसाठी ताडाच्या कोवळ्या कोंबाभोवतीचे जाळीदार आवरण. त्या विद्यार्थ्याचे नाव तालमूदने दिलेले नाही, आणि त्याला पटले की नाही, तेही सांगितलेले नाही.