उभे पुस्तक आणि उघडे फडताळ

पोथीला पाठ नसते. सुट्या पानांची चळत, खालीवर लाकडी फळ्या आणि भोवती रुमाल, असे तिचे रूप. ती उभी केली तर पाने घसरतात. म्हणून आपल्याकडील मठांत आणि शास्त्र्यांच्या घरी ग्रंथसंग्रह म्हणजे एकावर एक रचलेली बासने. हवी ती पोथी बहुधा तळाशी असायची, आणि ती नेमकी कुठली हे ती सांभाळणाऱ्यालाच ठाऊक असे.

युरोपातील ग्रंथ शिवलेला व पुठ्ठ्यात बांधलेला. तरीही तो कित्येक शतके आडवाच निजून होता. पुढे तो उभा राहिला, पण साखळीसह. इंग्लंडातील हेरफर्डच्या कॅथीड्रलात १६११ च्या सुमारास उभारलेले साखळीबंद ग्रंथालय अजून पाहावयास मिळते. साखळीचे एक टोक पुठ्ठ्याच्या पुढच्या कडेला आणि दुसरे फडताळाच्या सळईला. पाठ बाहेर ठेवली असती, तर पुस्तक काढताना साखळीचा गुंता झाला असता. म्हणून पाठ आत आणि पानांची कड बाहेर. स्पेनमधील एस्कोरियलच्या ग्रंथालयातही पुस्तकांच्या सोनेरी कडा अशाच बाहेर दिसतात. पुढे पाठीवर नाव घालण्याची रीत रूढ झाली आणि पुस्तकाने वाचकाकडे पाठ फिरवली. नवल असे, की पाठ फिरवल्यावरच त्याची ओळख दुरून पटू लागली.

साखळी सुटली, तरी कपाटाचे कुलूप राहिले. वाचकाने यादी पाहावी, खिडकीशी चिठ्ठी द्यावी आणि कारकुनाने पुस्तक आणून द्यावे, हीच एकोणिसाव्या शतकातील सार्वजनिक ग्रंथालयांची सर्वसाधारण रीत. लंडनच्या क्लार्कनवेल भागात जेम्स डफ ब्राऊन यांनी १८९४ साली वाचकांना फडताळांपर्यंत जाऊ दिले, तेव्हा पुस्तके चोरीस जातील, अस्ताव्यस्त होतील, अशी पुष्कळ ओरड झाली. ती भीती अगदीच निराधार होती असे नाही. चुकीच्या जागी ठेवलेले पुस्तक हरवल्यातच जमा असते.

बडोद्यात हा प्रश्न निराळ्या अंगाने आला. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पण शाळा सुटली की शिकलेली अक्षरेही विसरतात. त्यावरचा उपाय म्हणून त्यांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून घेतले. बॉर्डन १९१३ पर्यंत राहिले. तेवढ्या काळात मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसली, ग्रंथपालांचा शिक्षणवर्ग निघाला आणि खेड्यांत पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जाऊ लागल्या. महाराजांनी राजवाड्यातील हजारो ग्रंथ या कामी दिले. कटर व ड्यूई यांच्या पद्धतींची सांगड घालून पुस्तकांना विषयवार अंक देण्यात आले आणि वाचकाला फडताळांत मोकळेपणी वावरण्याची मुभा मिळाली. या शेवटच्या गोष्टीचे मोल सहज लक्षात येत नाही. जो नुकताच वाचू लागला, त्याला ग्रंथांची नावे कोठून ठाऊक असणार? तो चिठ्ठीवर लिहिणार तरी काय? त्याला फडताळापुढे उभे राहून, चाळून, नको ते मागे ठेवूनच आपले पुस्तक सापडते. पुढे मध्यवर्ती ग्रंथालयाच्या इमारतीत पोलादी मांडण्यांच्या मजल्यांना काचेची जमीन केली. वरचा उजेड खालच्या रांगांवरही पडावा आणि पाठीवरचा अंक वाचता यावा, एवढाच तिचा हेतू.

उघड्या फडताळात मात्र शिस्त लागते. रांग फार दाटली, तर वाचक पुस्तकाच्या माथ्यात बोट घालून ओढतो आणि पाठ फाटते. शेजारची दोन पुस्तके किंचित मागे सारून ते मधोमध धरून काढावे. रांग सैल पडली, तर पुस्तके कलतात आणि बांधणी वाकडी होते. तेथे टेकण हवे. मोठा, जड ग्रंथ आडवा ठेवलेलाच बरा. पानांची कड खाली करून मात्र तो कधी ठेवू नये, कारण आतल्या पानांचा सगळा भार शिवणीवर येतो. फडताळ आणि भिंत यांमध्ये थोडी जागा सोडावी, म्हणजे पावसाळ्यात मागे वारा खेळतो आणि वाळवी लागलीच तर वेळीच दिसते. वाचून झालेले पुस्तक वाचकाने मेजावर ठेवावे, असे पुष्कळ ग्रंथालये सांगतात. ते त्याच्या जागी उभे करण्याचे काम अंक ओळखणाऱ्याचे. संध्याकाळी मेजावर जी चळत साठते, तीवरून त्या दिवशी गावाने काय वाचले हे त्याला कोणतीही वही न उघडता कळते.