बर्फाचा थर आणि सुरीचं टोक

मुंबईला बर्फ आधी जहाजानं आला. 1834 साली, थेट अमेरिकेतून, लाकडाच्या भुशात गुंडाळून. भारतात बनलेला पहिला फ्रीज गोदरेजनं 1958 साली काढला. आपल्या लातूर-नांदेडच्या खेड्यांत तो पोचेपर्यंत माठ आणि शिंकं यांवरच भागलं.

पुढं फ्रीज आला, पण वीज अर्धीच. 2005 नंतरचं बारा-बारा तासांचं भारनियमन कोण विसरेल? फ्रीजरची निम्मी दुखणी त्या ये-जा करणाऱ्या विजेचीच. वीज येताच फ्रीज घुं-घुं करून टक्‌कन बंद पडला, तर प्लग काढा आणि पाच मिनिटं थांबा. नळ्यांतला गॅसचा दाब तेवढ्यात समान होतो. तरी तेच झालं तर बहुतेक वेळा व्होल्टेज कमी असतं, स्टॅबिलायझर लागेल.

बर्फाचा थर मात्र आपणच वाढवतो. दाराचं रबर सैल असलं की दमट हवा आत जाऊन गोठते. दारात कागद धरून दार लावा. कागद सहज निघाला तर रबर बदला.

आणि तो थर सुरीनं खरवडायचा, ही आपली जुनी खोड! त्या पत्र्यातच गॅसची नळी असते. जुना गॅस ओझोनला घातक होता, म्हणून 1987 च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो हळूहळू बंद झाला. आता बऱ्याच फ्रीजमध्ये पेट घेणारा गॅस असतो. नळीला भोक पडलं तर काडी ओढू नका, खिडक्या उघडा. त्यापेक्षा फ्रीज बंद करून आत गरम पाण्याचं पातेलं ठेवा. अर्ध्या तासात बर्फ सुटायला लागतो.