पेव म्हणजे काय रे भाऊ?

परवा ऑफिसात जेवताना एकजण म्हणाला, "काय कॅफेंचं पेव फुटलंय पुण्यात!" मी विचारलं, पेव म्हणजे काय रे? टेबलावर सहाजण, एकालाही सांगता येईना. मी बीडचा आणि आजीच्या गोष्टी ऐकलेला, म्हणून मला माहीत.

पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेला खड्डा. तोंड अरुंद, पोट मोठं, रांजणासारखं. आमच्याकडे मुख्यतः ज्वारीसाठी. गाव वसतं ती पांढरी, पीक येतं ती काळी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पेव पांढरीत किंवा मुरमात खणायचं. आतून कडबा-भुसा लावायचा, उन्हात कडक वाळवलेली ज्वारी भरायची आणि तोंडावर दगड ठेवून चिखलाने लिंपून टाकायचं.

मला वाटायचं, जमिनीत गार असतं म्हणून धान्य टिकतं. सर्व्हर रूमला एसी असतो तसं! पण हिशेब जुळेना. जमिनीत खोलवर तापमान त्या जागेच्या वर्षाच्या सरासरीइतकं असतं, म्हणजे बीडला २५ अंशांच्या आसपास किंवा थोडं वरच. धान्यातले किडे २५ ते ३५ अंशांत मजेत वाढतात. त्यांना रोखायचं तर साधारण १५ अंशांच्या खाली जायला हवं. मग पेवात ज्वारी टिकायची कशी?

दोन कारणं. एक, तापमान कमी नसलं तरी स्थिर असतं. पत्र्याची कोठी दिवसा तापते, रात्री निवते. धान्यातली ओल गरम भागाकडून गार भागाकडे सरकते आणि तिथे बुरशी धरते. पेवात हा खेळच नाही. दुसरं कारण हवा. बंद पेवात धान्य आणि किडे श्वास घेऊन ऑक्सिजन संपवत जातात, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि किडे गुदमरतात. फिलिपाईन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची हवाबंद 'सुपर बॅग' दमट हवेत भाताचं बियाणं टिकवते, ती याच तत्त्वावर.

पण जे किड्याला मारतं ते माणसालाही मारतं. म्हणून पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही. आधी कंदील सोडायचा, तो विझला तर थांबायचं.

आता इथे 'आपले पूर्वज किती हुशार' म्हणून टाळ्या वाजवून थांबता येईल. पण पेव भरायला आधी शिल्लक धान्य लागतं. ते सावकाराकडे, पाटलाकडे. लहान शेतकऱ्याचं बरंचसं पीक खळ्यावरच देण्यात जायचं. आजी म्हणायची, "पेव पाटलाचं, उतरणारा आपला." माझे पणजोबा उतरणाऱ्यांपैकी. कंदील विझला तर किती वेळ थांबायचं, हे मात्र वर उभा असलेला मालक ठरवायचा.

१९७२च्या दुष्काळात आमच्या घराला जगवलं ते पेवाने नाही. खडी फोडायच्या सरकारी कामाने, सुकडीने आणि रेशनवरच्या लाल मिलोने. मिलोच्या भाकरीला आजी मरेपर्यंत नावं ठेवायची, पण ती खाऊनच जगली.

असो. पावसाळ्यात तांदळाला सोंडे लागत असतील तर तांदूळ नीट कोरडा करा, घट्ट झाकणाच्या डब्यात काठोकाठ भरा आणि डबा सारखा उघडू नका. आणि पुढच्या वेळी कशाचं पेव फुटलं म्हणाल, तेव्हा तो कंदील एकदा आठवा.