कागदावर बाळाजी, घरात नाना

शिरूर कासारहून बोलतोय. पुण्याकडचं शिरूर म्हणजे घोडनदी, लातूरकडचं शिरूर अनंतपाळ आणि आपलं शिरूर कासार. एका नावाची दोन-तीन गावं झाली की ओळखीला जोडनाव लागतंच. माणसांचंही तसंच आहे. आजचा भाग त्यावरच.

सध्या आमच्या घरात एक वाद चालू आहे. पुतण्याचं नाव काय ठेवायचं? वहिनीला असं नाव हवंय, जे वर्गात दुसऱ्या कुणाचं नसेल. आजी म्हणते, ‘ते माझ्या तोंडात बसंना, मी आपलं बाळ्याच म्हणणार.’ आता आपल्याला वाटतं, कागदावर एक नाव आणि घरात दुसरं, ही आपल्याच पिढीची फॅशन. पण हे फार जुनं आहे.

भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ एप्रिल १७२० मध्ये गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये थोरल्या बाजीरावांना मुलगा झाला. त्याला आजोबांचंच नाव ठेवलं, बाळाजी. पण तेव्हा बायको नवऱ्याचं नाव घेत नसे, सून सासऱ्याचं नाव घेत नसे. आता घरात आजी राधाबाई आणि आई काशीबाई. एकीच्या नवऱ्याचं नाव, दुसरीच्या सासऱ्याचं. मग पोराला हाक कशी मारायची? माझा अंदाज असा की घरगुती नावाची खरी गरज इथं पडत असणार. हा मुलगा इतिहासात नानासाहेब पेशवे म्हणूनच राहिला.

गंमत पुढं आहे. नाना फडणवीस, म्हणजे बाळाजी जनार्दन भानू, जन्म १७४२. यांनाही आजोबांचंच नाव, बाळाजी. आणि हाक तीच, नाना! १८५७ चे नानासाहेब पेशवे तर धोंडोपंत. एका ‘नाना’मागं तीन माणसं. आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर डिस्प्ले नेम सारखं, प्रायमरी की वेगळी. दोन्हींत गल्लत केली की जुनी कागदपत्रं वाचणारा फसलाच.

मुलींचं मात्र वेगळं होतं. धोंडोपंतांबरोबर बिठूरला वाढलेली मणिकर्णिका. घरात सगळे मनू म्हणायचे. १८४२ मध्ये झाशीच्या गंगाधररावांशी लग्न झालं आणि ती लक्ष्मीबाई झाली. लग्नात नाव बदललं की पाळण्यातलं नाव मागं पडायचं. माहेरची हाक तेवढी माहेरच्यांच्या तोंडी उरायची.

म्हणून मला वाटतं, वहिनीचंही बरोबर आणि आजीचंही. वेगळं नाव पोराची कागदावरची ओळख पक्की करतं, आणि बाळ्या म्हटलं की तो आजीचा होतो. तेव्हा मान राखायला नाव घेता येत नव्हतं, आता जिभेला वळत नाही म्हणून घेता येत नाही. दोन्ही वेळी हाकेनंच काम भागवलं.

फक्त एक करा. तुमच्या घरात कुणी तात्या, अक्का, बप्पा असतील तर त्यांना आजच विचारा, पाळण्यातलं नाव काय होतं? अक्कांना तर लग्नाआधीचं नावही विचारा. आणि लगेच मोबाईलमध्ये लिहून ठेवा. पेशव्यांचं नाव दप्तरात सापडतं. आपल्या अक्काचं आपणच लिहिलं तर राहणार.

भेटू पुढच्या भागात. राम राम!