निळीचे कापड आणि आपली गोधडी

निफाडकडची थंडी ज्याने सोसली आहे, त्याला गोधडीची थोरवी सांगायला नको. जुनी लुगडी, विटलेली धोतरे एकावर एक अंथरायची आणि धावदोरा घालून ती शिवायची, की झाली वाकळ तयार. पण श्रोतेहो, या वाकळीची एक बहीण फार दूर, फ्रान्समध्ये आहे.

अठराव्या शतकातल्या फ्रेंच रजया आज तिकडे मोठ्या निगुतीने जपल्या जातात. त्यांतल्या काहींवर निळ्या जमिनीवर पांढरी वेलबुट्टी दिसते. ही विद्या हिंदुस्थानात फार जुनी. कापडाचा जो भाग पांढरा राखायचा, त्यावर मेणाचा किंवा चिखलाचा लेप द्यायचा आणि कापड निळीच्या पिंपात बुडवायचे. बाहेर काढताना ते हिरवट-पिवळे असते. वारा लागला की डोळ्यांदेखत निळे होते. मेण असेल तर पिंप मात्र गार हवे, नाहीतर नक्षीच वितळायची!

आपल्याकडच्या छापील सुती कापडाने फ्रान्सला असे वेड लावले, की तिथल्या रेशीम आणि लोकरवाल्यांनी हाकाटी केली. १६८६ साली राजाने ते कापड आणणे आणि त्याची नक्कल करणे, दोन्हींवर बंदी घातली. लोक चोरून वापरीतच राहिले. बंदी उठली १७५९ साली, आणि पुढच्याच वर्षी ओबरकाम्फ याने पॅरिसजवळ जूई येथे आपला छपाईचा कारखाना काढला.

आता आपल्या नाशकाकडे वळू. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३००० कार्षापण गोवर्धन येथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले. पैकी २००० वर दरमहा शेकडा एक व्याज. त्यातून २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. करून पाहा हिशेब: वर्षाचे व्याज २४०, आणि वीस बारे २४०. चोख जुळतो! ही चीवरेही तुकडे जोडूनच शिवीत, शेताच्या बांधांसारखी.

सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा हिशेब दगडावर राहिला. कापड मात्र गेले. गुजरातेत छापलेल्या निळ्या कापडाचे जुने तुकडे सापडले ते इजिप्तमध्ये, फुस्तातच्या कोरड्या मातीत. आपली हवा दमट, आणि आपला संसार काटकसरीचा. लुगडे विरले की गोधडीत जायचे, गोधडी फाटली की तिचे पोतेरे व्हायचे. निळीचे रंगकाम करणारी निराळी मंडळी महाराष्ट्रात होती. १८९७ साली जर्मनीतल्या कारखान्याची कृत्रिम नीळ बाजारात आली, आणि झाडाच्या निळीचे दिवस भरले.

मग आपल्या कापडाचा इतिहास शोधायचा कुठे? एक जागा तरी घरातच आहे. जुन्या गोधडीच्या आतल्या थरांत आजीच्या, पणजीच्या लुगड्यांचे काठ आणि रंग दडलेले असतात. तेव्हा गोधडी उसवण्याआधी किंवा बोहारणीच्या हवाली करण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या बाईला एवढे विचारा, की कुठला तुकडा कोणाच्या लुगड्याचा आणि ते कुठल्या गावाहून घेतले होते. ती सांगेल ते कागदावर टिपा, आणि तो कागद गोधडीच्या घडीतच ठेवा.